दलाल, अडत्या की मध्यस्थ?

खामगाव, मलकापूरच्या धान्यबाजारात हे शब्द सरसकट एकाच अर्थाने कानावर पडतात. फरक मात्र मोठा आहे!

🔸 दलाल: मूळ अरबी शब्द. दोन्ही बाजूंचा सौदा जुळवतो, दलाली घेतो. माल ताब्यात घेत नाही.
🔸 अडत्या: शेतकऱ्याचा माल आपल्या अडतीत उतरवून घेतो, त्याच्या वतीने विकतो. मोबदला म्हणजे अडत.
🔸 हेडी: गुरांच्या बाजारातला व्यापारी. जनावर स्वतः विकत घेऊन पुढे विकतो.
🔸 मध्यस्थ: संस्कृत शब्द. सोयरीक, भांडण, व्यवहार, सगळीकडे चालतो.

महाराष्ट्राच्या 1963 च्या कृषी पणन कायद्यातही दलाल आणि अडत्या यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत.

शेतकरी मित्रांनो, सोयाबीन-कापूस विकताना समोरचा नेमका कोण, हे आधी विचारा आणि हिशोबपट्टी जरूर घ्या!