कंपनीचा ताबा, लाचलुचपत आणि नफ्याचे आकडे

अकार्यक्षम व्यवस्थापकांना दूर सारण्याचे एक साधन म्हणजे दुसऱ्या कंपनीने बाजारातील भाग विकत घेऊन त्या कंपनीचा ताबा मिळविणे होय. हे साधन परिणामकारक ठरावयाचे, तर ज्या आकड्यांवरून कंपनीची किंमत ठरते ते आकडे विश्वसनीय असले पाहिजेत. परंतु ते आकडे तयार करणे मात्र ताबा जाण्याचे भय असलेल्या व्यवस्थापकांच्याच हाती असते. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

नफ्याचा आकडा दोन मार्गांनी बदलता येतो. घसारा, बुडीत येण्याची तरतूद यांसारख्या अंदाजी बाबी कमीअधिक करणे हा पहिला मार्ग. संशोधनावरील खर्च लांबणीवर टाकणे यांसारखा प्रत्यक्ष व्यवहारातील फेरफार हा दुसरा. यांपलीकडे अस्तित्वातच नसलेली विक्री दाखविणे ही उघड लबाडी होय. नफा फुगविल्यास भागाचा भाव चढतो आणि ताबा घेणे महाग पडते. उलटपक्षी, व्यवस्थापक स्वतःच कंपनी विकत घेऊ पाहत असतील, तर नफा कमी दाखविण्यात त्यांचे हित असते.

भ्रष्टाचाराचा परिणामही एकाच दिशेने होतो असे नाही. जेथे अधिकारी पैसे उकळतात, तेथे कंपन्या आपली रोकड व नफा झाकून ठेवू पाहतात. परंतु लाचेने तपासणी टाळता येत असेल, तर खोट्या हिशेबांची जोखीम कमी होते. शिवाय दिलेली लाच वहीत तिच्या खऱ्या नावाने कधीच लिहिली जात नाही. म्हणून लाच देणाऱ्या संस्थेत खोट्या नोंदीची सवय आधीच जडलेली असते. कंपनीच्या ताब्याचा प्रश्न उभा राहिला की पारडे बहुधा फुगवट्याकडे झुकते, कारण त्या वेळी कमी नफा दाखविणे म्हणजे स्वतःचे आसन गमावणे होय.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिलेल्या पत्रात कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीचा कार्यचालन नफा ६१ कोटी असता ६४९ कोटी दाखविला होता. प्रवर्तकांचा भागहिस्सा अल्प असल्यामुळे कामगिरी खालावल्यास कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल आणि तफावत उघडकीस येईल, अशी भीतीही त्यांनी नमूद केली होती. म्हणजे शिस्त लावणारी भीतीच येथे असत्य टिकविण्यास कारण झाली. त्यापूर्वी जागतिक बँकेने, आपल्या कर्मचाऱ्यांना अनुचित लाभ दिल्यावरून, या कंपनीला आठ वर्षे कंत्राटांसाठी अपात्र ठरविले होते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध सिद्ध झाला आहे असे नव्हे. तथापि दोहोंत अंतर्गत नियंत्रणाचाच अभाव दिसतो. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू व इतरांना दोषी ठरविले.

याची किंमत कोणी मोजली? खोट्या भावाने भाग घेणाऱ्या सामान्य भागधारकांनी. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने दरभागी ५८ रुपये बोली लावून ताबा मिळविला, तेव्हा सुधारित हिशेब उपलब्ध नव्हते. ते सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. परंतु अभ्यासकाने यातून एक सावधगिरी घ्यावी: भ्रष्टाचार वाढला की नफा फुगतो किंवा घटतो, असे सरसकट विधान करू नये. ताब्याचे भय कोणाला आहे, भाव चढण्यात कोणाचे हित आहे आणि हिशेबतपासनिसाला कोणाची भीती वाटते, हे आधी पाहावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने तपासनिसांचा पालट सक्तीचा केला आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले, ते याच तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून. तपासणाराच विकला जात असेल, तर ताब्याच्या बाजाराकडून शिस्तीची अपेक्षा करणे व्यर्थ होय.