डायलिसिसचा वार चुकतो तेव्हा

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचा आठवडा डायलिसिसच्या वारांनी बांधलेला असतो. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी साधारण चार तास. आधी काट्यावर उभे राहायचे. मागच्या वेळेपेक्षा जेवढे वजन वाढले, तेवढे पाणी अंगात साठलेले असते आणि ते काढावे लागते. मग हातावरच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया. घरी पाणी मोजून प्यायचे, पोटॅशियम वाढू नये म्हणून शहाळे वर्ज्य, बटाटा चिरून भिजवायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे. एवढे सांभाळले की माणूस नोकरी करतो, लग्नकार्याला जातो, नातवाला शाळेत सोडतो. वार चुकला की पाय सुजतात, आडवे पडले की दम लागतो आणि पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा धोका उभा राहतो. या माणसांचे बरे जगणे नियमितपणावर टिकून असते, आणि कोविडच्या साथीत पहिला घाव बसला तो त्यावरच.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीतून दवाखाने आणि औषधांची दुकाने वगळली होती, मग अडचण कुठे आली, असे कोणी विचारील. दवाखाना उघडा होता, पण तिथवर न्यायला एसटी नव्हती, मुंबईत सामान्य प्रवाशांसाठी लोकल नव्हती. सवलत इमारतीला मिळाली, वाटेला मिळाली नाही. राजस्थानात सरकारी विमा योजनेतील डायलिसिस रुग्णांचा अभ्यास राधिका जैन आणि पास्कलिन द्युपा यांनी केला. ६३ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या उपचारात खंड पडला होता. कारणे होती: प्रवास, रुग्णालयातील बंद पडलेल्या सेवा, न मिळणारी औषधे. मे २०२० मधले मृत्यूंचे प्रमाण मार्चपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त होते. कोविडची मोठी लाट तेव्हा यायची होती, म्हणून हा आकडा मला फार अस्वस्थ करतो. स्त्रिया, गरीब आणि दवाखान्यापासून लांब राहणारे यांचे हाल सर्वांत जास्त झाले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. डायलिसिसच्या रुग्णाला कोविड झाला तर तो दगावण्याची शक्यता बरीच जास्त असते. मग त्याला घरात ठेवणेच शहाणपणाचे नव्हते का? इतर अनेकांसाठी होते. याला मात्र घरी राहण्याची मुभाच नाही. त्याच्यापुढे संसर्गाचा संभव आणि उपचाराविना मरण, एवढेच दोन पर्याय असतात. म्हणून संसर्ग झालेल्यांसाठी वेगळी पाळी आणि वेगळे यंत्र, केंद्रात अंतर आणि मास्क, हाच मार्ग उरतो. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी दूरवैद्यकाचे नियमही आले. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना त्यांचा आधार झाला, पण फोनवरून रक्त शुद्ध होत नाही.

पुढच्या साथीच्या आराखड्यात कोणत्या तालुक्यातला कोणता रुग्ण कोणत्या वारी कुठे जातो, याची यादी आधीपासून हवी आणि त्याला नेणारी गाडीही ठरलेली हवी. सरकारी योजनांखाली उपचार घेणाऱ्यांची नोंद सरकारकडे असतेच. पोटातून घरीच करायच्या डायलिसिससाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दूरच्या गावांसाठी तो पर्याय वाढवता येईल. मात्र त्यालाही रोज द्रावणाच्या पिशव्या लागतात, तेव्हा त्या पोहोचवणारा टेम्पो अत्यावश्यक वाहनांत पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.