परक्या गावचा नाच

पिट्सबर्ग हे अमेरिकेतलं पोलादाच्या कारखान्यांचं शहर. १९४५ साली तिथल्या ड्युकेन विद्यापीठातल्या एका शिक्षिकेला कार्यक्रमासाठी ग्रीक नाच हवा होता. ग्रीक वंशाच्या एका विद्यार्थिनीला क्रीट बेटावरचा एक नाच येत होता, पण त्याच्या संगीताची तबकडी काही मिळेना. हाताशी होती ती ‘मिसिरलू’ नावाच्या एका संथ गाण्याची. मग पावलं जरा मंद केली, नाच त्या गाण्यावर बसवला आणि वेळ निभावून नेली. पुढे हा नाच ‘ग्रीक लोकनृत्य’ म्हणून अमेरिकाभर पसरला, गावोगावच्या वर्गांत शिकवला गेला. ग्रीसमधल्या खेड्यांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

लोकनृत्य म्हटलं की आपण लगेच ‘अस्सल’ आणि ‘भेसळ’ असे दोन डबे बाहेर काढतो. लोकांना नाचायचं असतं, ते हाताला लागेल ते घेऊन नाचतात. १९६४च्या ‘झोर्बा द ग्रीक’ चित्रपटातला सिरताकी हा असाच जुन्या नाचांच्या आधाराने चित्रपटासाठी बसवलेला. आज ग्रीसमध्ये पर्यटकांपुढे तोच सादर होतो. पॅलेस्टाइनमधल्या एका ज्यू वसाहतीत १९३७ साली बऱ्याच शोधानंतर पाणी लागलं, त्या आनंदाचा ‘मायिम’ हा नाच. मायिम म्हणजे पाणी. तो आता जपानी शाळांतली मुलं सहलीला गेली की शेकोटीभोवती फेर धरून नाचतात. त्या मुलांना वाळवंटाशी काय देणंघेणं? पण फेर छान जमतो.

हे सगळं एका छताखाली आणणारे वर्ग म्हणजे ‘इंटरनॅशनल फोक डान्सिंग’. अमेरिकेत कितीतरी गावांत आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चच्या तळघरात किंवा शाळेच्या व्यायामशाळेत हे वर्ग भरतात. प्रवेशशुल्क मामुली. पहिला तासभर कोणीतरी नवी पावलं शिकवतं आणि मग फर्माइशी सुरू होतात. एक नाच सर्बियाचा, पुढचा रुमानियाचा, त्यानंतर आर्मेनिया, स्वीडन, इस्रायल. जोडीदार बरोबर आणावा लागत नाही, कारण बरेचसे नाच साखळीचे किंवा फेराचे असतात. वेशभूषा लागत नाही. गुळगुळीत तळव्यांचे बूट असले की झालं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रेक्षक नसतात. भिंतीकडेच्या खुर्च्या दम खाण्यासाठी असतात.

या चळवळीचं मूळ परदेशातून आलेल्यांच्या वस्त्यांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एलिझाबेथ बर्चेनाल या बाईंनी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांतल्या हजारो मुलींना युरोपातले लोकनाच शिकवले. बोटीतून नुकत्याच उतरलेल्या कुटुंबांतल्या मुली. वर्गात इटालियन पोर आयरिश पावलं टाकू लागली. १९३८ साली सॅन फ्रान्सिस्कोत साँग चँग या चिनी वंशाच्या गृहस्थांनी प्रौढांसाठी मंडळ काढलं. १९३९-४०च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मायकेल हर्मन या युक्रेनियन आईबापांच्या मुलाने बघ्यांनाच फेरात ओढायला सुरुवात केली. लिथुआनियातून आलेल्या व्हीट्स बेलियायस यांनी ‘विल्टिस’, म्हणजे ‘आशा’, नावाचं लोकनृत्याचं नियतकालिक चाळीसच्या दशकात काढलं आणि १९९४ साली मरेपर्यंत चालवलं. नियतकालिक पन्नास वर्षं चालवणं हे नाचण्यापेक्षा अवघड, हे आपल्याकडच्या संपादकांना विचारावं!

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना मी अशा एका वर्गाला तीन शुक्रवार गेलो. पहिल्या दिवशी बसून पाहणार होतो, पण तिथे बसून पाहणाऱ्याला कोणी नीट बसू देत नाही. एक नियम लगेच समजला. साखळी बहुतेक वेळा उजवीकडे सरकते आणि उजव्या टोकाला असतो तो म्होरक्या. नवख्याने डाव्या टोकाला, शेपटाला जोडून घ्यायचं. पावलं जमत नसतील तर साखळीच्या मागे उभं राहून नक्कल करायची. कोणी हसत नाही, कारण प्रत्येक जण कधी ना कधी त्याच जागी उभा होता.

दुसऱ्या शुक्रवारी एका नाचाने माझे कान टवकारले. नाव ‘लेस्नोतो’, मासेदोनियातला. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीत ‘लांब, आखूड, आखूड’ असं म्हणत होत्या. मी बोटांवर मोजलं: तीन, दोन, दोन. सात मात्रा. हा तर आपला रूपक! फरक इतकाच, की रूपकाची सम खालीवर, म्हणजे रिकाम्या हातावर येते आणि इथे पहिलं पाऊल जमिनीवर ठाम पडतं. बाल्कन देशांत असे विषम ताल भरपूर. बल्गेरियाची ‘राचेनित्सा’ही सातचीच, पण दोन-दोन-तीन अशी. ‘कोपानित्सा’ अकराची. हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांना या तालांनी इतकं झपाटलं, की त्यांनी पियानोसाठी सहा नाचच ‘बल्गेरियन लयीत’ रचले. दोन आणि चारच्या कवायतीत वाढलेल्या पाश्चात्त्य पायांना हे हिशेब जड जातात. तबल्याच्या बोलांवर माना डोलावणाऱ्या आपल्या कानांना ते सोपे पडावेत. पाय मात्र कानांइतके शहाणे नसतात, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

त्या दालनात साठीखालची माणसं चार-पाचच असतील. या वर्गांचा बहर साठ-सत्तरच्या दशकांत होता, तेव्हा कॉलेजातली मुलं झुंडीने येत. तीच आता पिकलेल्या केसांनी येतात. २०२०च्या साथीत वर्ग बंद पडले, तेव्हा काहींनी आपापल्या स्वयंपाकघरात संगणकापुढे उभं राहून नाच चालू ठेवले. काही मंडळं उठलीच नाहीत. २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या शारीरिक हालचाली तपासल्या, त्यांत फक्त नाचणाऱ्यांमध्येच स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. मी बँकेत हयात घालवलेला माणूस. दोन आकडे शेजारी बसले म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही, हे मी जाणतो. ज्यांचं डोकं शाबूत तेच नाचायला जात असतील. पण त्या वर्गातले एक विधुर गृहस्थ मला म्हणाले, की आठवड्यात शुक्रवार सोडला तर त्यांच्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागत नाही. यासाठी कुठला अभ्यास नको.

हात कोणी कोणाचा धरायचा, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. १९९१पासून युगोस्लाव्हिया फुटत गेला, सर्ब आणि क्रोएट एकमेकांच्या जिवावर उठले. ‘कोलो’ हा फेराचा नाच मात्र दोघांचाही. हात धरण्याची पद्धतही तीच. अमेरिकेतल्या या वर्गांत एका संध्याकाळी दोन्हीकडचे कोलो नाचले जात. परक्याच्या नाचात ही सोय असते. त्याच्याशी आपली जात, धर्म, घराणं काहीच बांधलेलं नसतं. तो आपल्याला चांगला यावा अशी कोणाची अपेक्षा नसते, म्हणून तो बिनधास्त नाचता येतो.

आपल्याकडे मोठ्या माणसाला नाचायला निमित्त लागतं. आषाढीच्या वाटेवर सत्तरीचे बाबा खांद्यावर पताका टाकून पावली खेळतात, फुगडी घालतात, कोणी त्यांना ‘वयाला शोभत नाही’ म्हणत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत साहेबही चार उड्या मारतात. एरवी मराठी पुरुषाने नाचायचं म्हणजे लग्नाच्या वरातीत, तेही कोणीतरी ओढल्यावर. बायकांना मंगळागौर होती. घरच्या माजघरात बसफुगडी, दंडफुगडी, झिम्मा रात्र जागवत असत. आता शहरांत मंगळागौरीचे संच आहेत. सारख्या रंगाच्या नऊवाऱ्या, महिनाभर तालीम, स्पर्धा, बिदागी. त्या बायकांचा दम पाहून थक्क व्हायला होतं आणि त्यांनी चार पैसे मिळवले तर मला आनंदच आहे. पण ज्या घरात खेळ होतो त्या घरच्या बायका सोफ्यावर बसून मोबाइलवर चित्रण करतात, हे पाहिलं की वाटतं, खेळ बाहेरून मागवला आणि घरचे हात रिकामे राहिले. पन्नाशीच्या दशकापासून आपण लोकनृत्यं राजपथावर आणि रंगमंचावर नेली, त्यांना मान दिला. त्याबरोबर बाकीच्यांना खुर्च्याही दिल्या.

परक्याचा नाच शिकण्याची परंपरा आपल्याला अगदीच नवी नाही. गोव्यात पोर्तुगालचा ‘कोरिदिन्यु’ अजून नाचला जातो. मुंबई-पुण्यात नवरात्राआधी गरब्याचे वर्ग भरतात आणि त्यांत कुलकर्णी, जाधव, डिसूझा सगळे दोडियो शिकतात. हे आपलं सर्वांत मोठं ‘परक्या गावच्या नाचा’चं शिक्षण. पण तिथेही ढणढणाट आणि बक्षिसं शिरली आणि अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणी दारात ओळखपत्र तपासून कोण आत, कोण बाहेर हे ठरवण्याचे प्रकार झाले. फेराला दार बसवलं की तो फेर राहत नाही, रांग होते.

वॉर्डातल्या समाजमंदिराच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या खोल्या आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी कुलूपबंद असतात. तिथे एखाद्या दिवशी एक झिम्मा, एक लेझीम, एक सिरताकी, एक आदिवासी तारपानाच असा वर्ग का भरू नये, याला मला पटेल असं कारण सापडलेलं नाही. गुडघे, हे एक कारण सांगतील. त्यासाठी लेस्नोतो आहे. मासेदोनियन भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘सोपा’.

चार-पाच जणांनी शेजारी उभं राहायचं, कोपरात हात दुमडून खांद्याच्या उंचीवर एकमेकांचे तळवे धरायचे. रूपक लावायचा, संथ. पहिल्या आवर्तनात उजवा पाय उजवीकडे टाकून जरा थांबायचं, मग डावा पाय त्याच्यापुढून ओलांडून पुढे न्यायचा. दुसऱ्या आवर्तनात तोंड मध्याकडे करून उजवा पाय टेकायचा आणि डावा गुडघा हलकेच उचलायचा. तिसऱ्यात डावा पाय टेकून उजवा उचलायचा. पुन्हा पहिल्यापासून. गुडघा जेवढा उचलेल तेवढाच उचलायचा. खोली लहान असेल तर सोफा भिंतीला सरकवावा लागेल.