निळे संस्करण, बंदुकीच्या नळीचे
बंदुकीच्या पोलादी नळीच्या बाह्य पृष्ठावर काळसर निळ्या ऑक्साइडाचा पातळ थर मुद्दाम निर्माण करण्याच्या क्रियेला निळे संस्करण किंवा ब्लूइंग म्हणतात. हा थर मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचा असून त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एकदोन पटींइतकीच असते. तो रंगलेपाप्रमाणे वरून चढविलेला नसतो. पृष्ठावरील लोहाचेच त्यात रूपांतर झालेले असते. एका अर्थी निळा रंग हाही गंजच होय. मात्र तांबडा गंज सच्छिद्र असून खालचे पोलाद खात जातो, तर हा काळा गंज दाट, घट्ट चिकटून राहणारा व तेल धरून ठेवणारा असतो. संरक्षणाचे बरेचसे काम या तेलाचेच असते. तेलाचा हात न लावलेली निळी नळी दमट हवेत फार काळ निर्धोक राहत नाही.

थर खराब होण्याची कारणे साधी आहेत. सतत हाताळणीने तो कडांवर व पकडीच्या जागी झिजतो. घामातील क्षारांमुळे बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात. चामड्याच्या वा कापडी पिशवीत ओल कोंडून ठिपके पडतात. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्यावर बाळगलेल्या बंदुकांना खारी हवा व चार महिन्यांचा पावसाळा या दोहोंस तोंड द्यावे लागते. घरगुती गंजनाशक द्रव वापरणे ही तर हमखास होणारी चूक आहे. त्यातील अम्लाला तांबडा व काळा गंज यांत भेद करता येत नाही. डागाबरोबर निळा थरही धुतला जाऊन नळी करडी पडते.

दुरुस्तीपूर्वी हानी रंगापुरतीच आहे की धातूपर्यंत पोहोचली आहे, हे ठरवावे लागते. वरवरचा गंज तेल लावून अतिशय बारीक स्टील वुलने हलक्या हाताने घासल्यास निघतो व खालचा रंग बहुधा टिकतो. याउलट नखाला जाणवणारे खड्डे पडले असतील, तर ते घासून काढणे म्हणजे नळीची जाडी कमी करणे होय. छर्‍याच्या बंदुकीच्या नळीची भिंत रायफलीपेक्षा पुष्कळच पातळ असते. बारा बोअरच्या बंदुकीत पुढच्या भागात सुमारे अर्धा मिलिमीटर ही किमान जाडी ब्रिटिश कारागीर पूर्वापार मानत आले आहेत. म्हणून मापन केल्यावाचून घासकाम करू नये. देखणी झालेली परंतु पातळ पडलेली नळी बार काढताना फुटू शकते. घासताना नळीवरील क्रमांक व चाचणीच्या मुद्रा पुसट होतात, हाही धोका आहे. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे अशा ओळखखुणा नष्ट करणे हा गुन्हा असून बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो.

संपूर्ण नळी पुन्हा निळी करण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. कारखान्यांत सामान्यतः दाहक सोडा व सोडियम नायट्रेट यांच्या तीव्र विद्रावात सुमारे १४० से. तापमानास नळी बुडवितात. अर्ध्या तासाच्या आत काळा थर तयार होतो. एकनळी बंदुकीस ही पद्धत योग्य आहे. दुनळी बंदुकीच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते. जुन्या दुनळीच्या दोन्ही नळ्या व त्यांमधील पट्ट्या बहुधा कथील व शिसे यांच्या डाखाने जोडलेल्या असतात. हा डाख त्या तापमानास वितळत नसला, तरी दाहक सोडा कथील व शिसे या दोहोंवर रासायनिक क्रिया करतो. सांधे कमकुवत होतात, पट्ट्या सुटतात. शिवाय पट्ट्यांखाली शिरलेले क्षार पुढे कित्येक महिने पाझरून आतून गंज चढवितात. स्वस्तात व झटपट निळी करून आणलेली दुनळी वर्षभराने निकामी होते, ती यामुळेच.

अशा नळ्यांसाठी जुनी गंजपद्धतीच वापरावी लागते. प्रथम सांधे तपासतात. नळ्या आकड्यावर टांगून हलकेच ठोकल्यास सांधे शाबूत असतील तर घंटेसारखा स्वच्छ नाद येतो. सैल असतील तर आवाज बद्द येतो. नंतर तोंडे लाकडी खुंट्यांनी बंद करून पृष्ठावरील तेलाचा अंश पूर्णपणे काढतात. बोटाचा एक ठसा राहिला, तरी तेथे डाग उमटतो. सौम्य अम्लीय विद्रावाचा अगदी पातळ हात देऊन नळ्या दमट पेटीत ठेवतात. काही तासांत तांबड्या गंजाची एकसारखी लव येते. मग नळ्या ऊर्ध्वपातित पाण्यात उकळतात. तांबडा गंज काळ्या मॅग्नेटाइटात बदलतो व वरची सुटी काजळी तारेच्या मऊ ब्रशाने झाडतात. हा क्रम सहा ते दहा वेळा करावा लागत असल्याने कामास अनेक दिवस लागतात. येणारा रंग गर्द, काहीसा मंद व टिकाऊ असतो. उकळण्याची पायरी गाळल्यास रंग तपकिरी होतो. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या दमास्कस नळ्यांवर पूर्वी असे तपकिरी संस्करणच बहुधा करीत, कारण त्यात पिळाची नक्षी उठून दिसते.

बाजारात मिळणारे थंड निळे द्रव ओरखडा झाकण्यापुरतेच उपयोगी आहेत. त्यांत सिलिनियमाची व तांब्याची संयुगे असून बसणारा थर ऑक्साइडाचा नसतो. तो लवकर झिजतो, गंजापासून अल्पच संरक्षण देतो आणि भोवतालच्या रंगाशी क्वचितच जुळतो. सिलिनियमाची संयुगे विषारी असल्याने हातमोजे व खेळती हवा आवश्यक असते.

जुन्या, नामांकित बनावटीच्या बंदुकीचा मूळ रंग विटलेला असला, तरी संग्राहक तोच अधिक मोलाचा मानतात. नव्याने निळ्या केलेल्या नळीवरील बोथट झालेली अक्षरे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत. अशा बंदुकीस बहुधा तेलाखेरीज काही लावू नये.