रिकाम्या टाकीचें भय

जुन्या मोटारी जपण्याची हौस मोठी गोड. परंतु तिला सावधपणाची जोड हवी. अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीच्या १९६७ ते १९७२ सालच्या पिकअप मालमोटारींत पेट्रोलची टाकी बैठकीच्या पाठीमागें, केबिनच्या आंतच बसविलेली असे. ती काढतांना एखाद्यास वाटेल, पेट्रोल उपसलें कीं भीति सरली. वस्तुतः खरी भीति तेथूनच सुरू होते!

पेट्रोलची वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्यामुळें ती तळाशीं सांचते. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा सुमारें दीड ते साडेसात झालें कीं एक ठिणगीहि स्फोटास पुरते. आणि हें प्रमाण भरलेल्या टाकीपेक्षां रिकाम्या टाकींत सहज जुळतें.

म्हणून गाडी उघड्यावर आणून दोन्ही दारें उघडावीं. प्रथम बॅटरीची वजा खुणेची तार सोडवावी. पेट्रोल घट्ट झांकणाच्या डब्यांत काढावें. मग बैठक हलवून पेट्रोलच्या नळ्या व मापकाची तार सुटी करावी आणि अखेरीस टाकीचे बोल्ट काढावे. विडीकाडी व मुलें दूर ठेवावीं.

गळकी टाकी घरीं डाख देऊन सांधण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. गंजांत मुरलेलें पेट्रोल डोळ्यांस दिसत नाहीं. आगीला तें बरोबर सांपडतें.