शर्यतीचें जनावर आणि औषधाची मुदत

भाताची कापणी व झोडणी उरकली म्हणजे शर्यतींचे दिवस येतात, आणि त्याच सुमारास गोठ्यांत एक जुनी अडचण पुन्हां उभी राहते. बैलाचा पुढचा पाय थोडा लचकलेला असतो, शर्यत चार दिवसांवर आलेली असते, आणि कोणी तरी अनुभवी म्हणविणारा गृहस्थ सांगतो कीं, एक इंजेक्शन टोचा, बैल सरळ चालूं लागेल. बैल खरोखरच सरळ चालूं लागतो. ह्या सरळ चालण्यांत काय धोका आहे, व शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतींत तो ओळखून कोणते नियम ठरले आहेत, हें पालघर, बोईसर व तारापूर बाजूच्या आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. ज्यांना शर्यतीची हौस नाहीं, परंतु ज्यांच्या दाव्याला दुभतें जनावर आहे, त्यांनाही ह्यांतील कांहीं भाग उपयोगी पडावा.

ज्या पश्चिम लोहमार्गावर आपलीं पालघर व बोईसर हीं स्थानकें आहेत, त्याच मार्गावर मुंबईंत महालक्ष्मीचें स्थानक आहे, आणि तेथून जवळच रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबाचें १८८३ सालचें शर्यतीचें मैदान आहे. तेथें धांवणारा घोडा व आपला बैल ह्यांची किंमत सारखी नसेल. पण हाड, स्नायुबंध आणि वेदना हीं दोघांचीं सारखींच आहेत. घोड्यांच्या शर्यतींत औषधांचा विचार प्रथम लबाडी थांबविण्यासाठीं झाला. कोणी घोड्यास उत्तेजक देऊन पळवी, कोणी दुसऱ्याच्या घोड्यास गुंगी आणी. पुढें असें दिसून आलें कीं, लबाडीचा हेतु मुळींच नसतांना, केवळ उपचार म्हणून दिलेल्या औषधानेंही तितकीच हानि होते.

ती कशी होते हें नीट समजून घेतलें पाहिजे. भरधांव घोड्याच्या एकेका पुढच्या पायावर, तो जमिनीस टेकतांच, अंगच्या वजनाच्या सुमारें अडीच पट भार येतो. रोजच्या मेहनतीनें हाडांस बारीक, डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा पडतात. विश्रांति मिळाल्यास त्या भरून येतात. जनावर लंगडतें तें ह्याच विश्रांतीची मागणी करण्यासाठीं. वेदनाशामक औषधानें भेग भरत नाहीं, फक्त ती मागणी ऐकूं येईनाशी होते. मग जनावर दुखावलेल्या पायावर पूर्ण भार टाकतें आणि भेगेचें रूपांतर मोडण्यांत होतें. घोड्याच्या पाठीवरील जॉकी त्याच्याबरोबर पडतो. बैलगाड्याच्या शर्यतींत हांकणारा आणि कडेची गर्दी सांपडते.

म्हणून घोड्यांच्या नियमांत "कोणतें औषध" ह्याइतकाच "केव्हां दिलें" हा प्रश्न महत्त्वाचा मानला आहे. उपचारास मनाई नाहीं. परंतु शर्यतीच्या दिवशीं औषधाचा अंमल शरीरांत असतां कामा नये. युरोपांतील शर्यत-शास्त्रज्ञांनीं घोड्यांस ठराविक मात्रेंत औषध देऊन तें रक्तांत वा मूत्रांत किती वेळ सांपडतें ह्याचे तक्ते केले आहेत. त्यांत फेनिलब्युटाझोन १६८ तास, फ्लुनिक्सिन १४४ तास व मेलोक्सिकॅम ७२ तास असे आंकडे आहेत. वाचकांनीं हे आंकडे बैलास मात्र लावूं नयेत. तक्ता थोड्या घोड्यांवरून केलेला असतो. मात्रा, वय व आजार ह्यांप्रमाणें मुदत लांबते, आणि घोड्याचें पोट व रवंथ करणाऱ्या बैलाचें पोट ह्यांत फरक आहे. पशुवैद्यसुद्धां तक्त्यांतील मुदतींत कांहीं दिवसांची भर घालूनच सल्ला देतो. ब्रिटनमध्यें सांध्यांत स्टिरॉइड टोचलेल्या घोड्यास पूर्ण १४ दिवस शर्यत बंद असते, आणि स्नायु वाढविणारें स्टिरॉइड दिल्यास १४ महिने.

हे नियम किती कडक लागू होतात ह्याचीं दोन उदाहरणें अमेरिकेंतील आहेत. १९६८ सालीं केंटकी डर्बी ही तेथील सर्वांत मानाची शर्यत 'डान्सर्स इमेज' ह्या घोड्यानें जिंकली. पण तपासणींत फेनिलब्युटाझोन आढळल्यामुळें पहिला क्रमांक दुसऱ्या घोड्यास देण्यांत आला. २०२१ सालीं त्याच शर्यतींत पहिल्या आलेल्या 'मेडिना स्पिरिट'च्या रक्तांत बीटामेथासोन सांपडलें. एक मिलिलिटर रक्तांत २१ पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे लक्ष कोटी भाग केल्यास त्यांतील एकवीस भाग, एवढेंच तें होतें. त्वचेच्या विकारावर लावलेल्या मलमांतून तें आलें असें घोड्याच्या बाजूनें सांगण्यांत आलें. तरी २०२२ सालीं विजय रद्द झाला. मलम हें औषधच आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

चाऱ्याकडेही पाहिलें पाहिजे. शेताच्या बांधावरचा धोतरा चाऱ्यांत कापला गेला तर त्यांतील अट्रोपीन व हायोसीन हीं विषें जनावराच्या पोटांत जातात. घोड्यांच्या तपासणींत अशा दोषानें सांपडलेले पदार्थ जगभर प्रसिद्ध आहेत. सॅलिसिलिक आम्ल तर लसूणघासांतही स्वभावतःच असतें. म्हणून त्याच्याबाबत अंश दिसतांच दोष न धरतां एक मर्यादा ठरवून दिली आहे. आणखी एक प्रकार आमच्या वाचकांस नवा वाटेल. औषध दिलेल्या घोड्याचें मूत्र आंथरलेल्या पेंढ्यांत मुरतें, घोडा तोच पेंढा खातो, आणि बंद केलेलें औषध पुन्हां पोटांत जाऊन मुदत लांबते. तेव्हां उपचार चालू असतां व संपल्यावरही आंथरूण रोज बदलणें हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न नाहीं.

आतां बैलांकडे वळूं. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ सालीं प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यांत दुरुस्ती करून नियम केले. उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळें ते कांहीं वर्षें अडून राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींस परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे आज ही हौस पुरविण्यास मोकळीक आहे, पण ती अटींवर. शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धांवपट्टी १००० मीटरांहून लांब असतां कामा नये, बैलाबरोबर घोडा जुंपावयाचा नाहीं, पराणी, चाबूक वा विजेचा धक्का वापरावयाचा नाहीं, उत्तेजक पदार्थ द्यावयाचा नाहीं, आणि पशुवैद्यानें बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला दिला पाहिजे. अटी मोडल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

ह्यांतील शेवटच्या दाखल्यासंबंधीं आमचें थोडें सांगणें आहे. घोड्यांच्या शर्यतींत रक्ताचा व मूत्राचा नमुना दोन भागांत मोहोरबंद करून प्रयोगशाळेंत जातो. पहिल्या भागावर वाद झाला तर दुसरा उघडतात. बैलांच्या शर्यतींत भिस्त मुख्यतः पशुवैद्याच्या डोळ्यांवर व हातांवर आहे. तो बैलास चालवून पाहतो, सांधे दाबतो, खूर पाहतो. आदल्या रात्रीं वेदनाशामक दिलेला बैल त्याच्यासमोर निर्दोष चालेल, आणि तो प्रामाणिकपणें दाखला लिहून देईल. असा दाखला बैलाविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो औषध चांगलें होतें एवढेंच सांगतो. ह्यांत फसतो तो मालकच. माघ-फाल्गुनांत पायानें गेलेला बैल आषाढांत चिखलणीस उभा राहत नाहीं, आणि भाड्याचा ट्रॅक्टर नेमका आवणीच्या आठवड्यांत सर्वांनाच हवा असतो.

उपाय स्वस्त आहे. गोठ्यांत एक वही टांगावी व जनावराच्या नांवापुढें तारीख, औषधाचें नांव, मात्रा, कोणीं दिलें व कां दिलें इतकें लिहावें. मलम, पोटीस, जंताचें औषध आणि बाजारांतील 'ताकदीची पुडी' हीं सर्व त्यांत यावींत. पुडीवर घटक छापलेले नसतील तर ती शर्यतीच्या जनावरास देऊंच नये. गडी बदलला तरी वही राहते. घोड्यांच्या शर्यतींत "आम्हांस ठाऊक नव्हतें" ही सबब ट्रेनरला सहसा सोडवीत नाहीं, हें आम्हांस योग्य वाटतें. दाखल्यासाठीं पशुवैद्य येईल तेव्हां त्यानें विचारण्यापूर्वींच वही पुढें ठेवावी. त्यानें ह्या खेपेस नको म्हटलें तर बैल घरीं ठेवावा. गाईम्हशींसही हीच वही चालते: प्रतिजैविक दिलें असतां वेष्टनावर जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस दूध डेअरीस घालूं नये. तशा दुधाचें दहीं पुष्कळदां नीट लागत नाहीं; विरजणांतले जंतूच त्यांत मरतात.

औषध निवडतांना आणखी एक बंधन आहे. डायक्लोफेनॅक जनावरांस देण्यास २००६ पासून बंदी आहे, कारण तें दिलेल्या मृत जनावराचें मांस खाऊन गिधाडें मूत्रपिंड बिघडून मेलीं. २०२३ सालीं किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड ह्यांवरही पशुवापरासाठीं बंदी आली. माणसांसाठीं मिळणारी डायक्लोफेनॅकची कुपी गोठ्यांत नेणें हा गुन्हा आहे. मेलोक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरलें आहे. परंतु तेंही पशुवैद्याच्या चिठ्ठीनेंच घ्यावें, आणि दिल्याची तारीख त्याच दिवशीं वहींत चढवावी. पशुवैद्य गांवांत नसल्यास फिरत्या पथकासाठीं १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो.