दोष रक्ताचा की शिट्टीचा?

२४ सप्टेंबर २००६, रविवारचा दिवस. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात राइस विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सराव चालू होता. आदल्याच दिवशी सामना झालेला. सरावाच्या शेवटी प्रशिक्षकांनी मुलांना शंभर यार्डाच्या सोळा धावा मारायला लावल्या, मधे विश्रांती जेमतेम. पहिल्या वर्षाला शिकणारा डेल लॉइड हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा त्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. पुढे तपासात निघालं की तो सिकलसेलचा वाहक होता. त्याची ती चाचणी विद्यापीठाने केलेली नव्हती.

सिकलसेल हा शब्द नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या आपल्या घरांना नवीन नाही. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या समाजात हा विकार असल्याची नोंद केली होती. कुणाच्या घरी 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजारी लेकरू असतं, तर अनेक घरांत 'एएस' म्हणजे वाहक असतात. अमेरिकेत साधारण बारा-तेरा कृष्णवर्णीयांमागे एक वाहक आहे. त्यामुळे तिथल्या कॉलेजच्या मैदानांवर जे घडलं ते आपल्या वस्तीला कळायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. वाहकाला आईकडून किंवा बापाकडून एकच सदोष जनुक आलेलं असतं. तो आजारी नसतो. शाळेत जातो, मजुरी करतो, खेळतो, म्हातारा होतो, आणि बहुतेकांना आपण वाहक आहोत हे चाचणी केल्याशिवाय समजतही नाही. पण अंगातलं पाणी कमी झालेलं, ऊन लागलेलं आणि त्यात न थांबता जीव तोडून पळणं, असं सगळं एकत्र आलं तर काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. स्नायूंना रक्त मिळत नाही, ते आतल्या आत फुटू लागतात. फुटलेल्या स्नायूंतला मल रक्तात मिसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. धडधाकट पोरगं काही तासांत जातं.

लॉइडच्या आईवडिलांनी कोर्टात दाद मागितली. त्यातून तडजोड झाली आणि कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने २०१० पासून पहिल्या श्रेणीतल्या खेळाडूंना सिकलसेलची चाचणी लागू केली. नको असेल तर लिहून देऊन ती तेव्हा नाकारता येत असे. २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या श्रेणीतल्या वाहक फुटबॉलपटूंना कसरत करताना मरण येण्याचा धोका इतरांच्या ३७ पट असल्याचं त्यात दिसलं. हा आकडा ऐकून कुणाही आईच्या पोटात गोळा येईल. पाहा, रक्तातच दोष होता, असं म्हणणारेही लगेच पुढे आले.

पण तिथल्याच लष्कराने केलेली मोजणी वेगळं सांगते. २०११ ते २०१४ या काळातल्या जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांची नोंद तपासली गेली आणि २०१६ साली निष्कर्ष छापून आला. वाहक सैनिकांत स्नायू फुटण्याचं प्रमाण दीडपट होतं, म्हणजे धोका खोटा नाही. मात्र मरणाचं प्रमाण वाहक आणि इतर यांच्यात सारखंच निघालं. सैनिकाचं प्रशिक्षण काही सोपं नसतं. फरक असा की उष्णतेचा अंदाज घेणं, पाणी पाजणं, विश्रांती देणं, हळूहळू ताण वाढवणं हे नियम लष्कराने सगळ्यांनाच लावलेले होते, रक्त कुणाचं कसं हे न विचारता. रक्त तेच असताना एका मैदानावर मुलं मरतात आणि दुसऱ्यावर जगतात, तेव्हा आम्हा परिचारिकांना रक्तापेक्षा मैदानाचा इतिहास विचारावासा वाटतो.

चाचणी झाली म्हणून जीव वाचतोच असंही नाही. एरेक प्लँचर हा १९ वर्षांचा मुलगा फ्लोरिडातल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा. १८ मार्च २००८ रोजी सरावात कोसळला आणि गेला. तो वाहक आहे हे विद्यापीठाला आधीपासून माहीत होतं. २०११ मध्ये ज्यूरीने विद्यापीठाच्या क्रीडा संघटनेला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरून एक कोटी डॉलर भरपाई सांगितली. २०१५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती संघटना सरकारी संरक्षणाखाली येते असं म्हणून रक्कम दोन लाख डॉलरवर आणली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतला टेड अगू २०१४ मध्ये असाच गेला. त्याचीही नोंद विद्यापीठाकडे होती. कागद कपाटात आणि पोरगं डोंगराच्या चढावर दोर ओढत पळतंय, तर त्या कागदाचा उपयोग काय? एक मात्र खरं, चाचणी आणि तिच्यासोबत सरावाचे नियम बदलल्यावर असे मृत्यू पुष्कळ घटले.

आता कुणी विचारेल, पोरगं थांबत का नाही? पाय उचलत नसतील तर बसायचं खाली! इथे वंशाचा प्रश्न येतो.

तिकडचा कॉलेज फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही. अंगाला गाद्या, डोक्यावर हेल्मेट, आणि धडका. त्यावर विद्यापीठं अब्जावधी डॉलर कमावतात. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात जास्त पगार कुलगुरूचा नव्हे, फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचा असतो. आणि खेळतं कोण? २०१८ च्या एका अहवालात सर्वांत मोठ्या ६५ विद्यापीठांची गणती आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय तरुण शंभरात अडीचसुद्धा नव्हते, पण फुटबॉलच्या संघात शंभरात ५५ होते. वर्गाचं दार किलकिलं, मैदानाचं मात्र सताड उघडं. लॉइड आणि प्लँचर खेळत होते त्या काळी शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असे, पुढचं वर्ष प्रशिक्षकाच्या मर्जीवर. मुलगा कामगार धरला जात नाही, त्यामुळे कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई नाही. स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा २०२१ मध्ये मिळाली आणि विद्यापीठाने थेट पैसे देण्याची वाट २०२५ मध्ये कोर्टाच्या मंजुरीने खुली झाली. घरातला पहिला कॉलेजात गेलेला मुलगा, मागे आईची आशा. तो 'मला जमत नाही' कसं म्हणेल? फी माफीवर शिकलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्यात वेदनेबद्दलचा जुना गैरसमज. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना प्रश्न विचारले. निम्म्यांना काळ्या माणसाच्या शरीराबद्दलची एखादी तरी खोटी गोष्ट खरी वाटत होती, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते. ज्यांना तसं वाटत होतं त्यांनी काळ्या रुग्णाचं दुखणं कमी मोजलं. कॉलेज खेळाडूंना सांभाळणाऱ्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यातही काळा खेळाडू जास्त दुखणं सोसू शकतो असा समज आढळला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तर कहर. डोक्याला मार बसून स्मृती गेलेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देताना काळ्यांची बुद्धी मुळातच कमी होती असं धरून हिशेब केला जात होता. दोन माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा २०२१ मध्ये ते थांबवण्याचं कबूल झालं. वॉर्डात काम करताना 'हे लोक जरा जास्तच ओरडतात' हे वाक्य आम्ही सिकलसेलच्या रुग्णांबद्दल पुष्कळदा ऐकलं आहे. तिकडे सोसतात म्हणून औषध नाही, इकडे ओरडतात म्हणून नाही.

रक्ताचा काहीएक संबंध नसतानाही मैदान जीव घेतं, हे जॉर्डन मॅकनेअरच्या मृत्यूने दाखवलं. हाही १९ वर्षांचा, मेरीलँड विद्यापीठाचा. २९ मे २०१८ रोजी ११० यार्डाच्या दहा धावांच्या सरावात त्याला उष्माघात झाला. अंगाचा ताप मोजला नाही, थंड पाण्याच्या टबात बसवलं नाही, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन जायला सुमारे एक तास लागला. १३ जूनला तो वारला. विद्यापीठाच्या प्रमुखांनी पुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. पण ३० ऑक्टोबरला मुख्य प्रशिक्षकाला परत कामावर घेतलं, आणि लोक खवळले तेव्हा दुसऱ्या दिवशी काढलं. जॉर्डनच्या आईवडिलांनी संस्था काढून उष्माघाताबद्दल जागृती सुरू केली, राज्याने २०२१ मध्ये त्याच्या नावाने कायदा केला. उष्माघातात थंड केलं तर माणूस हमखास वाचण्यासारखा असतो, म्हणून हे मरण आम्हाला फार लागतं.

चाचणीबद्दल एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर पार्टीने त्याच सुमारास काळ्या वस्त्यांत फुकट दवाखाने काढून सिकलसेलची तपासणी चालवली होती, कारण सरकारला या आजाराची फिकीर नव्हती. १९७२ मध्ये कायदा झाला, पैसा आला. पण काही राज्यांनी काळ्या मुलांना शाळाप्रवेशासाठी, कुठे लग्नाच्या परवान्यासाठी चाचणी सक्तीची केली. वाहक आहेस म्हणून नोकरी नाकारली गेली. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. पोलीस कोठडीत मेलेल्या काळ्या माणसांच्या अहवालातही 'सिकलसेल वाहक' हे कारण लिहिलेलं सापडतं. न्यूयॉर्क टाइम्सने २०२१ मध्ये अशी डझनावारी प्रकरणं शोधून काढली. आपल्यासाठी काढलेली चाचणी आपल्याच विरुद्ध वापरायला वेळ लागत नाही. आपल्याकडे मुलीचं जमलेलं लग्न 'एएस' ऐकून मोडतं, तेही याच जातीचं. खरं तर दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भाला आजाराचा धोका चारात एक असतो. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं रक्त पूर्ण निर्दोष असेल तर मूल आजारी जन्मत नाही.

बरं, वाहकाने खेळूच नये का? रायन क्लार्क लुइझियाना स्टेट विद्यापीठातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला. वाहक. २००७ मध्ये डेन्व्हर या उंचावरच्या शहरात खेळताना तो कोसळला, त्याची प्लीहा आणि पित्ताशय काढावं लागलं. बरा होऊन परतला आणि त्याचा संघ २००९ मध्ये देशाचा विजेता ठरला. पुढे डेन्व्हरला सामना आला की प्रशिक्षक माईक टॉमलिन त्याला बाहेर बसवत, अगदी बाद फेरीचा सामना असला तरी. मुलगा तोच, रक्त तेच.

आपली मुलंमुली पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळतात, मुलगे १६०० मीटर, मुली ८००. सैन्यभरतीचे वर्गही वस्तीवस्तीत निघाले आहेत. त्यांच्यासाठी आमचं सांगणं असं. आशाताईला विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात सिकलसेलची चाचणी करून घ्या. पहिली साधी चाचणी 'आहे' म्हणाली तर पुढची पक्की चाचणी करून 'एएस' की 'एसएस' हे लिहून घ्या, नुसत्या पहिल्या चाचणीवर थांबू नका. अहवाल एएस आला तर धावणं सोडू नका, पण पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून पळू नका. प्रत्येक जोराच्या धावेनंतर श्वास पूर्ण बसू द्या. ताप, जुलाब, रात्रीचं जागरण असेल त्या दिवशी मैदान बंद. पाण्याची बाटली सोबत. वर्ग घेणाऱ्या सरांना घरच्या मोठ्या माणसाने जाऊन सांगावं, मुलाला एकट्याला सांगायला लावू नये. आणि हे नियम सगळ्याच मुलांना लावा असं सरांना म्हणा, म्हणजे कुणा एकाकडे बोट जाणार नाही.

मैदानावर पोरगं बोलतंय पण पाय उचलत नाहीत, मांड्या-पोटऱ्या दुखून ढिल्या पडल्यात, तर त्याला 'नाटक करतो' म्हणून उठवू नका. बसवा, पाणी द्या, दवाखान्यात न्या. बडबडू लागलं, अंग भाजतंय, शुद्ध हरपतेय असं दिसलं तर तो उष्माघात. तोंडाने काही पाजू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन बादल्यांनी पाणी ओता, मान, बगला, जांघा ओल्या कापडाने झाका, वारा घाला. आणि धावून आल्यावर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, केसपेपरवर 'एएस' लिहायला लावा आणि किती धावलं ते डॉक्टरांना सांगा.